गरम इंजिन परत सुरू होत नाही? आधी तपासा, मग पार्ट बदला

आज मासळीच्या भावाबद्दल नाही, गाडीच्या आणि बोटीच्या डिझेल इंजिनाबद्दल लिहितो आहे. उन्हाळ्यात ही तक्रार समितीत हमखास येते. सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं. गाडी गोंदियाला जाते, काही त्रास नाही. तिथे माल उतरवायला किंवा चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलो की मग सेल्फ मारून मारून थकतो, गाडी हलत नाही. तासाभराने थंड झाली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते.

आपल्या समितीच्या जुन्या पिकअपचं हेच झालं. मे महिना, मागे रोहू-कतला भरलेले, राजेगावच्या अलीकडे गाडी थांबवली आणि ती बंदच राहिली. चार जणांनी धक्का मारला, लगेच सुरू झाली. सगळ्यांनी निकाल दिला, "सेल्फ गेला, नाहीतर बॅटरी." नवी बॅटरी घातली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. सेल्फ खोलून भरून घेतला. पुन्हा तेच, आणि त्या दिवशी अर्धा माल पडत्या भावात द्यावा लागला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ओलं पोतं डिझेल पंपावर ठेवलं आणि पाच मिनिटांत गाडी सुरू केली. दोष पंपात होता. बॅटरी आणि सेल्फ, दोन्हींचा खर्च फुकट गेला. तो पैसा सभासदांचा होता, म्हणून हा धडा लिहून ठेवतो.

थांबल्यावरच का बिघडतं?

गाडी चालू असताना पाणी फिरतं, पंखा वारा देतो. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, पण लोखंडातली आग आतच असते. ती हळूहळू बाहेर येते आणि पंप, सेल्फ, वायर, नळ्या सगळं तापवते. म्हणून बंद केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बोनेटखाली चालत्या गाडीपेक्षा जास्त गरम असतं. लगेच सेल्फ मारला तर गाडी सुरू होते, वीस मिनिटांनी होत नाही, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे गरम इंजिन थंड इंजिनापेक्षा सोपं सुरू व्हायला पाहिजे. रिंग घासून कंप्रेशन गेलं असेल तर त्रास थंडीत सकाळी जास्त होईल. त्रास फक्त गरम असतानाच होतो, तेव्हा "इंजिन खोला" म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

पहिला प्रश्न: सेल्फ इंजिन कसं फिरवतो?

कान देऊन ऐका. नेहमीच्या वेगाने फिरवतो, हळू फिरवतो, की नुसतं 'टक' करतो?

हळू किंवा नुसतं 'टक' असेल तर विजेकडे पाहा. तापल्यावर तांब्याच्या वायरीचा विरोध वाढतो, आणि गंजलेलं टर्मिनल तर अजूनच अडवतं. साधा मल्टिमीटर घ्या.

१. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी.
२. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतो आहे.
३. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. ती घासून आवळा. बरेचदा एवढ्यावरच काम होतं.

या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही गरम सेल्फ हळूच फिरत असेल, तर मग सेल्फ खोलायचा. त्याआधी नाही.

टेम्परेचरचा काटा लालवर असेल तर हा आजार वेगळा आहे. पाणी कमी झालंय, पिस्टन जाम व्हायला आलाय. सेल्फ मारत बसू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका, तोंड भाजेल.

दुसरा प्रश्न: सायलेन्सरमधून धूर येतो का?

सेल्फ चांगला फिरवतो पण गाडी घेत नाही, तर एक जण सेल्फ मारेल आणि दुसरा सायलेन्सर पाहील.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. इथे टॅपेट तपासायला सांगा. टॅपेट जास्त घट्ट बसवले असतील तर लोखंड तापून फुगतं, वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. कंप्रेशनचा हा एक दोष मात्र गरम असतानाच दिसतो. तळ्यावरच्या एक सिलिंडरच्या पंपसेटमध्येही हेच पाहायचं. हँडल मारताना थंडीत जड लागतं आणि तापल्यावर हलकं, तर टॅपेट आधी.

धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. मग हा क्रम ठेवा.

१. टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. साफ करा.

२. हँड प्रायमर मारा. मारल्यावर सुरू झाली तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा डिझेल मागे उतरतंय. रबराची नळी तापल्यावर मऊ पडते, क्लिप सैल होते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरमधलं पाणीही तेव्हाच काढा.

३. चावी फिरवा आणि पंपाजवळ कान द्या. डिझेल उघडणाऱ्या सोलेनॉइडचा 'टक' आवाज यायला पाहिजे. थंड असताना येतो आणि गरम असताना येत नाही, तर सोलेनॉइडचं कॉइल तापून दगा देतं. हा पार्ट पंपापेक्षा फार स्वस्त असतो.

४. इतकं सगळं ठीक असेल तर ओल्या पोत्याची परीक्षा. इंजिन बंद ठेवा. कापड किंवा पोतं भिजवून, पिळून, फक्त डिझेल पंपाभोवती गुंडाळा. सेल्फवर, अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नका. बादलीने ओतू नका, चालू पंपावर तर कधीच नाही, आतली फिरती जोडी आकसून जाम होईल. पाच-सात मिनिटांनी सेल्फ मारा. आता घेतली तर पंप आतून घासलाय.

सोलेनॉइड आधी का पाहायचा? तो बऱ्याच पंपांवरच बसलेला असतो. पोत्याने तोही थंड होतो आणि पंपाला उगाच दोष लागतो.

पंप गरम झाल्यावरच का हरतो?

पंपाच्या आतल्या जोडीत फट असते ती दोन-चार मायक्रॉनची, आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा. घासून ती फट थोडी वाढते. थंड डिझेल थोडं जाड असतं, त्या फटीतून फार गळत नाही. ४० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की त्याचा जाडपणा साधारण अर्धा होतो. मग दाब बनायच्या आधीच ते फटीतून मागे सरकतं.

आता आमच्या धक्क्याची गोष्ट समजेल. सेल्फ इंजिनाला मिनिटाला दीड-दोनशे फेरे देतो. गाडीला वेग देऊन धक्क्यावर घेतली की फेरे त्याहून जास्त होतात. गळायला वेळ कमी मिळतो, घासलेला पंपही दाब बनवतो आणि गाडी घेते. म्हणून धक्क्याने सुरू झाली याचा अर्थ सेल्फच खराब असा होत नाही. हीच आमची चूक होती.

आणि भरलेली गाडी उतारावर सोडून सुरू करायला जाऊ नका. इंजिन बंद असताना ब्रेकला हवेची मदत नसते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

नवीन गाडीवाल्यांसाठी

कॉमन रेल इंजिनाच्या नळ्या घरी खोलू नका. जुन्या गाडीत नोझलचा नट ढिला करून एअर काढायची सवय असते, ती इथे जीवावर येईल. आत १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असू शकतो. तेवढ्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो, हात कापायची वेळ येते. इथे दोन गोष्टींचा संशय धरायचा. एक, क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर स्कॅनरवर आधी तो तपासायला सांगा. दोन, नोझलमधून रिटर्नला जास्त डिझेल जाणं. मिस्त्री प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली लावतो, जिची बाटली लवकर भरते ती नोझल दोषी.

बोटवाल्यांनो

बोटीवर थांबलेलं इंजिन म्हणजे नुसता खोळंबा नाही. वारा सुटला की जीवाचा प्रश्न आहे. म्हणून:

- धरणाच्या मधोमध, जाळं ओढताना, शंका असलेलं इंजिन बंद करू नका.
- किनाऱ्याला लागल्यावर तीन-चार मिनिटं रेस न देता चालू ठेवा, मग बंद करा. आग निघून जाते.
- इंजिनपेटीला हवा जायला जागा ठेवा. बंद पेटीत ताडपत्री, जाळी कोंबू नका.
- वल्हे, दोर, लाइफ जॅकेट प्रत्येक फेरीला सोबत. इंजिन नवीन असलं तरी.

रस्त्यात अडकलो तर माल कसा वाचवायचा?

गाडी सावलीत घ्या. पेटी उघडून पाहत बसू नका, ओली पोती वर टाका, वितळलेलं पाणी खालून निघू द्या. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरूनच निघा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. सलग मारलात तर चांगला सेल्फही जाळाल. एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारणाऱ्याला हात जोडून थांबवा, पिस्टन फुटतो.

शेवटचं काम

प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. गाडी नडली की चार ओळी लिहा: किती वेळ चालली, किती मिनिटं थांबली, सेल्फ कसा फिरला, धूर आला की नाही. मिस्त्रीला आधी ही वही दाखवा. जो वही न पाहता पार्ट सांगतो, त्याला विचारा, "कशावरून म्हणता, भाऊ?" जुना पार्ट परत मागून घ्या.

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते. पंपाचं कॅलिब्रेशन, टॅपेट, नळ्या, अर्थिंग ही कामं त्या दोन महिन्यांत उरकून घ्या. हंगामात उभी राहिलेली गाडी एका घराची नसते, त्या दिवशी तिच्यात माल भरलेल्या सगळ्या घरांची असते.

ज्यांच्या गाडीला, बोटीला हा त्रास आहे त्यांनी वही घेऊन समितीत या. मल्टिमीटर समितीत ठेवला आहे, कोणत्याही सभासदाला वापरायला मिळेल.

आपला,
सचिव