गाडीखालचे कव्हर : सांधावे की बदलावे?

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यात कोशाच्या विणकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. फाटलेल्या कापडाला रफू करण्याआधी जाणता कारागीर फाटक्या जागेभोवतीचे सूत टाका धरील की नाही, हे पाहतो. मोटारीच्या पोटाखालील कव्हर दुरुस्त करणाऱ्यालाही हीच परीक्षा उपयोगी पडते.

धानपट्ट्यात या कव्हराची परीक्षा वर्षभर होत असते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली ढेकळे वाळून दगडासारखी होतात. चाकोऱ्या खोल असल्या की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. मळणीच्या वेळी रस्त्यावर पसरलेली तणीस फाटक्या कव्हरात अडकते. अशी गाडी आपल्याकडे आली की पुष्कळ कारागीर लोंबणारे कव्हर ओढून काढतात आणि "याच्यावाचून काही अडत नाही" असे सांगून गाडी सोडतात. हे बरोबर नाही.

कव्हराचे काम काय?

हे कव्हर चिखल, पाणी व खडे इंजिनाच्या पट्ट्यांपासून, पुल्यांपासून आणि वायरिंगपासून दूर ठेवते. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन योग्य वाटेने बाहेर पडावी, यासाठीही पुष्कळ गाड्यांत त्याचा आकार ठरवलेला असतो. आवाज कमी होतो आणि गाडीखालील हवेचा अडथळाही घटतो. मात्र दगडाचा जोरदार मार सोसण्याइतके ते मजबूत नसते.

आधी कारण शोधावे

गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ओट लावावी व इंजिन थंड होऊ द्यावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. योग्य जागी घोड्या लावूनच जावे. कव्हर काढल्यावर प्रथम चेंबर, ऑईल काढण्याचा बोल्ट, रेडिएटरचा खालचा भाग व ॲक्सलचे रबर तपासावे. कव्हर तेलाने भिजलेले असेल तर गळती आधी थांबवावी. तेल प्यालेले कव्हर आणि तापलेला सायलेन्सर यांची जवळीक आगीला निमंत्रण देते. अडकलेली तणीस पूर्ण काढावी.

सांधण्याची रीत

कव्हर धुऊन पूर्ण कोरडे करावे. त्याच्या पाठीवर बहुधा 'पीपी' किंवा 'पीई' अशी खूण असते. पहिले पॉलिप्रॉपिलीन, दुसरे पॉलिथिलीन. या दोन्हींना साधा डिंक किंवा झटपट चिकटणारा गोंद टिकत नाही. ते वितळवूनच जोडावे लागतात. जोडायची पट्टीही त्याच जातीच्या प्लास्टिकची हवी. त्याच जातीच्या भंगार कव्हराची पट्टी कापून वापरता येते.

भेग जिथे संपते तिथे ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. भेगेवर उथळ खाच करावी, चपट्या टोकाच्या सोल्डरिंगने दोन्ही काठ वितळवावेत व पट्टी त्यात भरावी. मागच्या बाजूने पोलादी जाळीचा तुकडा वितळवून बसवल्यास जोड पक्का होतो. प्लास्टिक जळून धूर निघू लागला तर उष्णता जास्त झाली असे समजावे. हे काम मोकळ्या हवेतच करावे.

बोल्टचे छिद्र फाटले असेल तर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी किंवा मोठे वायसर लावून रिबेट मारावे. क्लिपा मोजून त्याच मापाच्या लावाव्यात. बांधणीच्या तारेने कव्हर आवळणे ही दुरुस्ती नव्हे. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून चाक कुठे घासते का ते पाहावे. सायलेन्सरपासूनचे अंतर तपासावे, थोडे अंतर गाडी चालवून पुन्हा खाली पाहावे.

बदलावे केव्हा?

बसवण्याच्या जागाच तुटल्या असतील, प्लास्टिक उन्हाने व उष्णतेने ठिसूळ होऊन हाताने मोडत असेल, मोठा तुकडा गहाळ असेल किंवा फेल्टसारखे कव्हर तेलाने भिजले असेल, तर ते बदलावे. नवीन कव्हर त्याच मॉडेलचे घ्यावे.

काही ग्राहक लोखंडी पत्रा ठोकून मागतात. पत्र्याला हवेची वाट नसेल तर उष्णता कोंडते, चिखल साचतो, वजन वाढते. गार्ड हवेच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेलेच बसवावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत पोटाखाली बॅटरी असते. बॅटरीच्या पेटीला मार बसला असेल किंवा नारिंगी तारा उघड्या पडल्या असतील तर हात लावू नये. त्या कामाचे प्रशिक्षण असलेल्या कार्यशाळेकडे ती पाठवावी.

विम्याचा हिशेब

साध्या सर्वसमावेशक विम्यात प्लास्टिकच्या भागाच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १००० रुपये व त्यावरील मोटारीला २००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. दावा केल्यास 'नो क्लेम बोनस'ही जातो. तो पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के असतो व वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे एकट्या कव्हरासाठी दावा करणे बहुधा तोट्याचे ठरते, हे ग्राहकाला समजावून सांगावे.

चेंबरला मार बसल्यास मात्र गोष्ट निराळी. तेल गळत असताना गाडी चालवली आणि इंजिन बसले, तर ते नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही. खालून जोराचा आवाज आला तर गाडी थांबवावी, खाली तेल दिसल्यास इंजिन सुरू न करता ओढून आणावी आणि विमा कंपनीला आधी कळवावे. हा एक सल्ला ग्राहकाचे हजारो रुपये वाचवतो.

कारागीर बांधवांनो, ग्राहक गाडीखाली वाकून पाहत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. गाडी ही आपल्याकडे अमानत असते. म्हणून तुटलेला भाग त्याला दाखवावा, सांधण्याचा व बदलण्याचा असे दोन्ही खर्च सांगावेत, मजुरी वेगळी लिहावी. सांधलेले काम किती दिवस टिकेल याचा खरा अंदाज द्यावा. आज थोडे कमी मिळाले तरी तोच ग्राहक पुढच्या वेळी गावातली दुसरी गाडीही आपल्याच दुकानात आणतो.