फी स्वस्त, वर्षं महाग

प्रश्न : आम्ही कुंभकोणमजवळच्या खेड्यात राहणारी तंजावरी मराठी माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. थोडी भातशेती आहे. मुलगी सरकारी शाळेतून तमिळ माध्यमात बारावी झाली. तिला राज्यशास्त्रात बी. ए. करायचंय. मेहुणे म्हणतात, बी. कॉम.ला घाला, निदान कुणाचे हिशेब तरी लिहील. थोरले काका दिवाण माधवरावांचा दाखला देतात. खर्च किती येईल आणि पदरात काय पडेल?

उत्तर : आधी काकांचा दाखला निकालात काढू. सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. पण त्यांच्याकडे राज्यशास्त्राची पदवी नव्हती. ते गणितात हुशार होते. मद्रासेत शिकवलं, हिशेबाच्या सरकारी कचेरीत नोकरी केली, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिथून वर चढले. तेव्हा नेमणुका ओळखीतून होत, आज स्पर्धा परीक्षेतून होतात. त्या परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येतात. थोडक्यात, राज्यशास्त्राची पदवी नोकरी हातात ठेवत नाही. तिच्यापुढची परीक्षा किंवा पुढचं शिक्षण नोकरी देतं.

आता हिशेब. तामिळनाडूच्या सरकारी कला महाविद्यालयांत पदवीसाठी शिकवणी शुल्क नाही. परीक्षा आणि किरकोळ शुल्क, पुस्तकं, बस एवढाच खर्च राहतो. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना 2022 पासून ‘पुदुमै पेण’ योजनेत पदवी होईपर्यंत दरमहा 1,000 रुपये मिळतात. घरून ये-जा करून वर्षाला 25,000 रुपये लागतात असं धरा. तीन वर्षांचे 75,000, त्यातून योजनेचे 36,000 वजा जाता उरले 39,000. पण याच काळात ती दुकानात महिना 8,000 मिळवू शकली असती, तर बुडालेली कमाई 2,88,000 होते. एकूण 3,27,000. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून पाहा. फीचा वाटा त्यात किरकोळच निघेल. मात्र कुंभकोणम किंवा तंजावरच्या सरकारी महाविद्यालयात हा विषय आहे का, ते अर्ज भरण्याआधी विचारा. नसला आणि त्यासाठी चेन्नई गाठावी लागली, तर राहण्या-जेवणाचा खर्च सगळा हिशेब उलटापालटा करेल.

खरा खड्डा पदवीनंतर पडतो. चेन्नईत राहून परीक्षेची तयारी करायची म्हटलं तर राहणं, जेवण, क्लास मिळून वर्षाला 1,20,000 धरा. पदवीधर म्हणून महिना 12,000 बुडाले, ते 1,44,000. म्हणजे एका वर्षाचे 2,64,000. अशी दोन वर्षं गेली की पदवीच्या दीडपटीहून जास्त पैसे संपलेले असतात आणि हाती काही आलेलं नसतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेत पूर्व परीक्षेला बसलेले जवळपास सहा लाख होते, अंतिम यादीत आले 1,016.

म्हणून तिला एक सोपा रस्ता सांगतो. तामिळनाडू लोकसेवा आयोगाच्या गट 4 मधल्या कनिष्ठ सहायकाच्या जागेला दहावी पुरते. मूळ वेतन 19,500 पासून सुरू होतं, महागाई भत्ता वेगळा. अठरा पूर्ण झाली की पदवी करता करताच तिनं ही परीक्षा द्यावी. लागली तर नोकरी सांभाळून दूरस्थ शिक्षणातून राज्यशास्त्र पुरं करता येईल.

प्रश्न : माध्यम इंग्रजी घ्यावं की तमिळ?

उत्तर : इथे बरेच पालक घाईनं इंग्रजी निवडतात. तामिळनाडूच्या सरकारी भरतीत तमिळ माध्यमातून शिकलेल्यांना 20 टक्के जागांवर प्राधान्य आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पहिलीपासून, त्या पदाला लागणाऱ्या शिक्षणापर्यंत सगळं तमिळ माध्यमात झालेलं असावं लागतं. गट 4 साठी तिचा हक्क दहावीलाच पक्का झाला. पण गट 1 आणि 2 ला पदवी लागते. बी. ए. इंग्रजीत केली, तर तिथला हक्क गेला. तेव्हा वर्ग तमिळ माध्यमाचा घ्यावा आणि इंग्रजी वाचन घरी रोज चालू ठेवावं, कारण वकिली किंवा विद्यापीठात जायचं तर इंग्रजीवाचून चालत नाही.

प्रश्न : मग हा विषय घेऊन फायदा तो काय?

उत्तर : फायदा आहे, पण पुढची पायरी ठरवली तरच. एल. एल. बी.ची तीन वर्षं. तिथे पहिली काही वर्षं मिळकत तुटपुंजी असते. एम. ए. करून नेट परीक्षेत संशोधनवृत्ती मिळाली, तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून, पण जागा थोड्या आणि वाट लांब.

शिवाय तुमच्या भागात राज्यशास्त्र बांधावर येऊन उभं आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडतात की नाही, यावर कुरुवै भाताचा पेरा ठरतो. ते पाणी किती, हे 1956 च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली नेमलेल्या लवादानं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं 16 फेब्रुवारी 2018 ला बदललं: कर्नाटकानं तामिळनाडूला द्यायचं पाणी 192 वरून 177.25 अब्ज घनफूट झालं. हे भांडण जाणणारी आणि शेतकऱ्याची बाजू मांडू शकणारी वकील, पत्रकार किंवा अधिकारी तुमच्या गावाला हवीच आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावरच्या मराठी राजवटीची मोडी कागदपत्रं आहेत. तमिळ, मराठी आणि मोडी येणारी अभ्यासक दुर्मीळ, तरी तिची ती विद्या मिळकतीच्या रकान्यात आत्ताच मांडू नका.

माझा सल्ला असा : घरून जाऊन-येऊन होत असेल, तर बी. ए. जरूर करू द्या. प्रवेश घेण्याआधी मायलेकींना बसवून एक कागद करा. पदवीनंतर तयारीला किती वर्षं द्यायची, त्याचा पैसा कुठून येणार आणि मुदत संपली की काय करायचं, हे त्यावर लिहा. मेहुण्यांनाही त्या बैठकीत घ्या. हिशेबाची काळजी त्यांची रास्तच आहे, फक्त ती तीन वर्षांच्या पुढेही न्यायला हवी.