फॉरमॅट मारण्याआधी

या अंकासाठी मी खरं तर कवितेवर लिहिणार होते. पण दिवाळीच्या सुट्टीत घरच्या कॉम्प्युटरने माझा विषय बदलला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकटात येणं थांबतं. (नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, हे मला उशिरा कळलं.) बेळगावात आमच्या घरी २०१९ चा डेस्कटॉप आहे. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर, टीपीएम २.०, चार जीबी रॅम हे सगळं त्यात बसत होतं. फक्त मशीन फार रेंगाळायचं. पप्पांनी ते ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दिलं. तो म्हणाला, "अपग्रेड कशाला करताय? फॉरमॅट मारतो, मशीन नव्यासारखं होईल. डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी नको."

त्याने शब्द पाळला. डी ड्राइव्ह जशीच्या तशी राहिली आणि मशीनही पळायला लागलं. संध्याकाळी आजोबांनी आपली फाइल उघडली आणि मला हाक मारली, "बाळ, हे काय झालंय बघ गं."

आजोबा खानापूर तालुक्यातल्या शाळांमधून शिक्षक होते. निवृत्तीनंतर टायपिंग शिकून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. बासष्ट पानं आहेत. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना फार वेळ स्क्रीनकडे बघवत नाही, त्यामुळे पुन्हा टाइप करण्याचा प्रश्नच नव्हता. आणि त्या बासष्ट पानांवर मराठीचं एक अक्षर दिसत नव्हतं. नुसती रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं नि तिरक्या रेघा, मध्येच पौंडाची खूण. मला वाटलं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट होती, गेला होता तो फॉन्ट.

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं काहीतरी पडून असणार. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगातल्या प्रत्येक मशीनवर 'क' च असतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलतं, अक्षर बदलत नाही. पण युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्था होत्या. त्यांनी मराठी छपाईवर मोठे उपकार केले, यात शंका नाही. मात्र त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये युक्ती वेगळी होती. फाइलमध्ये साठायची रोमन चिन्हं, आणि त्या चिन्हांच्या जागी देवनागरीची चित्रं काढायचं काम फॉन्ट करायचा.

वर्गात आपण फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाबद्दल शिकलो. ते १६१६ मध्ये छापलं गेलं रोमन लिपीत, कारण गोव्यात तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते. तिथे वेश रोमन होता आणि आतलं मराठी शाबूत होतं. आजोबांच्या फाइलचं नेमकं उलटं. सांगाडा रोमन, अंगावर फक्त मराठी कपडे. फॉरमॅटमध्ये कपडे गेले.

ते कपडे असतात सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या आतल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. दुरुस्तीवाल्याने डी ड्राइव्ह वाचवली, पण ती वाचायची किल्ली सी मध्ये होती हे त्याला कुणी सांगितलं नाही. आम्हालाच माहीत नव्हतं, तर सांगणार कोण?

अपग्रेड केलं असतं तर बहुधा हे झालं नसतं. अपग्रेडमध्ये जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवली जाते, नवी तिच्या जागी बसते, आणि आपल्या फाइल्स, बहुतेक प्रोग्राम, सेटिंग्ज, घातलेले फॉन्ट असं सामान नव्या घरात आणून लावलं जातं. पसंत नाही पडलं तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं. नंतर तो फोल्डर आपोआप पुसला जातो. तोटा असा की सामानाबरोबर अडगळही येते. आमचं मशीन ज्यामुळे रेंगाळत होतं, ते सगळंही कदाचित विंडोज ११ मध्ये आलं असतं.

नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसली जाते. डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल्स सहसा तिथेच असतात, त्याही जातात. व्हायरस शिरला असेल किंवा मशीन सारखं अडकत असेल तर हाच मार्ग बरा. कधी पर्यायच नसतो: विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे ३२ बिटच्या विंडोज १० वरून अपग्रेड होतच नाही. लायसन्सची भीती मात्र बाळगू नका. विंडोज आधीच डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्ह असेल तर त्याच मशीनवर तीच आवृत्ती टाकल्यावर, इंटरनेट जोडलं की ती स्वतः ओळख पटवते. 'रीसेट' नावाचा तिसरा मार्गही आहे. त्यात फाइल्स ठेवता येतात, पण घातलेले प्रोग्राम जातात.

माझं मत विचाराल तर ज्या घरात २०१० च्या आधीचं मराठी टायपिंग पडलेलं आहे, तिथे आधी अपग्रेड करून बघावं. वेग नंतरही वाढवता येतो.

आणि फॉरमॅट मारायचंच असेल तर आदल्या दिवशी एक सोपी परीक्षा घ्या. जुनी वर्ड फाइल स्वतःच्या मोबाइलवर पाठवून उघडा. मराठी दिसलं तर ती युनिकोड आहे, निश्चिंत राहा. गिचमिड दिसली तर फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट कॉपी करून घ्या आणि प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बांधला जातो, म्हणजे निदान वाचता तरी येतं. एक चकवा युनिकोडवाल्यांसाठीही आहे: नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये 'मंगल' फॉन्ट दिसला नाही तर घाबरू नका. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट मिळतात, त्यात तो आहे. तोवर मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो, हरवत नाही.

आमची किल्ली शेवटी शहरातल्या एका जुन्या प्रिंटिंग प्रेसमध्ये सापडली. तिथल्या काकांनी लग्नपत्रिकांसाठी तोच फॉन्ट जपून ठेवला होता. पेन ड्राइव्हवरून तो घातला आणि बासष्ट पानं एका क्षणात परत आली. आजोबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

मग मी तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेला आणि खरं काम तिथे सुरू झालं. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठतो, युनिकोडमध्ये 'क' आधी. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर आलं की गोंधळतो, आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी मोठ्याने वाचते आणि आजोबा डोळे मिटून ऐकतात. परवा वाचताना मी म्हटलं, "पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर दर्या लागत."

"दर्या?" आजोबांनी डोळे उघडले. "अगं, खानापुरात समुद्र कुठून आणलास?"

'दऱ्या' लिहिलं होतं त्यांनी. कन्व्हर्टरने आडवा र ओळखलाच नव्हता; सगळीकडे रफार दिला होता. मी पहिल्यापासून शोधत गेले तर 'सुट्टीवर जाणाऱ्या', 'पायऱ्या', 'कोपऱ्यात' सगळ्यांचं तेच. 'पायर्‍या' च्या जागी 'पायर्या' वाचून मी पुढे गेले होते आणि मला खटकलंही नव्हतं, मराठीची विद्यार्थिनी असून. त्यामुळे आधी तपासलेली पानं पुन्हा तपासली.

आता अडतीस पानं झाली आहेत, चोवीस बाकी आहेत. फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर, माझ्या ईमेलमध्ये आणि त्या प्रेसमध्ये अशी तीन ठिकाणी आहे.