रेव्हरंड मॅदर बाइल्स : पाळक आणि विनोद

वाचावयाचे भाग : नीतिसूत्रे १७:२२, २६:१८–१९, याकोब ३:१–१२.

पाळकाने विनोद करावा की नाही, हा प्रश्न मंडळ्यांतून पुष्कळदा निघतो. कोणी म्हणतात, हसल्याने उपदेशाचे गांभीर्य जाते. कोणी म्हणतात, हसतमुख पाळकाजवळच लोक आपले दुःख उघड करतात. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास रेव्हरंड मॅदर बाइल्स ह्यांचे चरित्र फार उपयोगी आहे.

उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांत इंग्लंडच्या राजाची वसाहत असता, अठराव्या शतकाच्या आरंभी, त्यांचा जन्म बोस्टन शहरी झाला. घराणे उपदेशकांचे, इन्क्रीस मॅदर हे त्यांचे आजोबा व कॉटन मॅदर हे मामा. हार्वर्ड विद्यालयातून ते १७२५ साली पदवीधर झाले. काव्याची आवड त्यांस लहानपणापासून होती. कवी अलेक्झांडर पोप आणि गीतकार आयझॅक वॉट्स ह्यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला. १७४४ साली त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. ह्या कविता बहुतेक गंभीर आहेत. परंतु थट्टेची कविताही त्यांस साधे. एकदा समुद्रप्रवासात त्यांनी एक उपासनागीत रचले. जोसेफ ग्रीन नामक विनोदी कवीने त्याचे विडंबन केले, तेव्हा बाइल्स ह्यांनी त्या विडंबनाचेच विडंबन करून परतफेड केली!

हॉलिस स्ट्रीट येथील मंडळीचे ते पहिले पाळक. तेथे त्यांनी सुमारे ४३ वर्षे सेवा केली. व्यासपीठावरून राजकारण बोलावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. तथापि मनाने ते राजपक्षाचे होते. १७७० सालच्या सुमारास त्यांनी विचारले म्हणून सांगतात की, तीन हजार मैलांवरचा एक जुलमी बरा, की एका मैलावरचे तीन हजार जुलमी बरे? ऐकणारे हसले असतील. पण ज्यांस 'जुलमी' म्हटले ते त्यांचेच नगरवासी होते.

पुढे युद्ध पेटले. १७७६ साली इंग्रजी फौज बोस्टन सोडून गेली, आणि त्याच वर्षी मंडळीने आपल्या वृद्ध पाळकास काढून टाकले. १७७७ साली त्यांची चौकशी झाली. राजासाठी प्रार्थना केली, इंग्रज अधिकाऱ्यांस घरी येऊ दिले, असे आरोप होते. हद्दपारीची शिक्षा झाली; परंतु ती अमलात न येता त्यांस घरातच पहाऱ्यात ठेवण्यात आले.

येथे त्यांच्या विनोदाचे दुसरे रूप दिसते. इंग्रजीत वेधशाळेस 'ऑब्झर्व्हेटरी' म्हणतात, आणि राजपक्षीयांस तेथे 'टोरी' म्हणत. दारावरील शिपायास ते 'ऑब्झर्व्ह-ए-टोरी', म्हणजे टोरीवर नजर ठेवणारा, म्हणू लागले. अशीही गोष्ट सांगतात की, त्यांनी एकदा त्या शिपायास काही कामास जाण्याची विनंती केली. जागा सोडता येत नाही, असे तो म्हणाला. तेव्हा त्याची बंदूक आपल्या खांद्यावर घेऊन पाळकसाहेब स्वतःच स्वतःवर पहारा करू लागले!

वाचकहो, ह्या दोन विनोदांतील भेद ध्यानात घ्या. पहिल्याचा बाण शेजाऱ्यांवर सुटला. दुसऱ्यात विनोदकार स्वतःच हास्याचा विषय झाला. पहिल्याने दुरावलेली मने अधिक दुरावतात. दुसऱ्याने पहारेकरी आणि कैदी क्षणभर सोबती होतात. विनोदाने त्यांचे व्यासपीठ वाचले नाही, व पुन्हा कोणती मंडळीही मिळाली नाही. परंतु अपमानाच्या दिवसांत त्यांचे मन कडू झाले नाही. १७८८ साली ते बोस्टन येथेच मरण पावले. त्यांच्या कविता आज फारसे कोणी वाचीत नाही. त्या पहाऱ्याची गोष्ट मात्र अद्याप सांगतात.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या थट्टेने कोण हसतो, आणि कोण मान खाली घालतो?
२. राजकीय मत भिन्न आहे एवढ्यावरून मंडळीने पाळकास दूर करावे काय?
३. संकटात आलेले हसू आणि संकट नाकारणारे हसू ह्यांत भेद कोणता?