पायाला मुंग्या आणि बाटलीतल्या गोळ्या

प्रश्न : वय ५८. पूर्ण शाकाहारी. दहा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. औषधाच्या दुकानातून ‘नसांच्या’ गोळ्या आणल्या. सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी रक्त तपासा, मग गोळ्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते आणि शाकाहारात ते मुळात दूध-दह्यापुरतेच मिळते. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी ओढाताण! बी-१२ कमी निघाले तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी देतील. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका. सोबत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइडही पाहा, कारण आग मधुमेहाची किंवा थायरॉइडचीही असू शकते.

दुकानातल्या गोळीचे वेष्टन वाचा. त्यात बी-६ किती आहे? हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतले तर तेच नसांना इजा करते, आणि लक्षणे हीच, मुंग्या आणि बधिरपणा. नुसते फॉलिक अॅसिडही नको. त्याने रक्तक्षय सुधारतो, पण बी-१२ची कमतरता झाकली जाऊन नसांची हानी चालूच राहते.

माशाच्या तेलाने मधुमेहातली नसांची दुखणी बरी होतात, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय ते शाकाहारी नाही! ओमेगा-३साठी जवसाची चटणी खुशाल खा, पण उपचार म्हणून नव्हे.

चालताना तोल जात असेल किंवा पायाला जखम झालेली कळत नसेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.