क्षयाचा जंतू आणि फुप्फुसांतील पेशी

क्षयाचे नाव चारचौघांत उच्चारू नये, अशी रीत आपल्या घरांतून पुष्कळ वर्षे होती. परंतु रोग लपविल्याने बरा होत नाही. तो समजून घेतला, म्हणजे निम्मी भीती जाते. यास्तव या रोगात शरीराच्या आत काय घडते, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर हा जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू अशा वेळी पेशीतील पाचक रसांनी नष्ट होतात. क्षयाच्या जंतूभोवती मात्र मेणासारखे कवच असते. शिवाय ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिचा पाचक रसांच्या पिशवीशी संयोगच तो होऊ देत नाही. म्हणजे ज्याने चोर धरावयाचा, त्याच्याच घरी चोर बिऱ्हाड करतो!

काही आठवड्यांनी लसिकापेशी मदतीस येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडून भक्षक पेशींना चेतवितात. या सर्व पेशी जंतूभोवती जो तट उभारतात, तीच क्षयाची गाठ होय. बहुतेकांच्या शरीरात रोग तेथेच थोपविला जातो. परंतु अपुरे अन्न, मधुमेह, धूम्रपान किंवा एच. आय. व्ही. ची बाधा यांमुळे तट ढासळला, तर गाठीचा मध्यभाग चक्क्यासारखा मऊ होऊन फुटतो, फुप्फुसात पोकळी पडते व जंतू खोकल्यावाटे बाहेर पडू लागतात.

औषधे नेमकी जंतूच्या मर्मावर घाव घालतात. आयसोनायझिड कवचातील मायकोलिक आम्ल तयार होऊ देत नाही. रिफॅम्पिसिन जंतूचे आर. एन. ए. घडविणाऱ्या एन्झाइमास अडविते. मात्र कोट्यवधी जंतूंत काही थोडे एखाद्या औषधास उपजतच दाद देत नाहीत. म्हणून अनेक औषधे एकदम द्यावी लागतात. काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी औषध सोडतो. घात होतो तो येथेच! मंदपणे जगणारे जंतू तोवर मेलेले नसतात. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे, तो याच कारणाने. अर्धवट उपचारातून जे जंतू निर्ढावतात, त्यांच्यासाठी आता बेडाक्विलिन आहे. ते जंतूची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणाच बंद पाडते. तथापि तशी पाळी येऊ न देणे, हेच शहाणपणाचे.

मद्रास येथील अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले, की नियमित औषध घेणारा रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण उरलेले नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत मिळतात. रोग्याने ती शेवटच्या दिवसापर्यंत घ्यावीत व घरच्यांनी त्याला धीर द्यावा, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.