कोळशाच्या खाणीजवळील ओढ्याचे पाणी कसे तपासावे?

कोळशाच्या थरांत बहुधा लोहमाक्षिक नावाचे खनिज आढळते. लोह व गंधक यांचे हे संयुग खडकात झाकलेले असेपर्यंत निरुपद्रवी असते. खाण खणली म्हणजे त्यास हवा व पाणी यांचा संपर्क घडतो आणि त्यापासून गंधकाम्ल तयार होते. आसामातील कोळशात गंधक पुष्कळ असल्याने हा दोष तेथे विशेष जाणवतो. चंद्रपूर व वणी या भागांतील वर्धा खोऱ्याच्या कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते. शिवाय वाटेत चुनखडीचा खडक लागल्यास आम्ल तेथेच निष्प्रभ होते.

अशा पाण्यात निळा लिटमस कागद तांबडा होत नाही. परंतु एवढ्यावरून ते पाणी निर्दोष मानणे योग्य नव्हे. आम्ल नाहीसे झाले तरी सल्फेट पाण्यात विरघळून पुढे वाहतच राहते. म्हणून आम्लतेबरोबरच विद्युत्‌संवाहकता, सल्फेट व तरंगते कण यांचेही मापन करावे लागते.

नमुने कोठे घ्यावेत?

एक नमुना खाणीच्या वरच्या अंगास, दुसरा खाणीचे पाणी ओढ्यात पडते त्या मुखाशी आणि तिसरा दोन्ही पाणी पूर्णपणे मिसळल्यावर खालच्या अंगास घ्यावा. वरचा नमुना नसेल, तर मूळ पाण्यातील क्षार किती व खाणीने घातलेले किती, हे सांगता येत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी व तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेस समोर धरावे. तपमान व आम्लता जागेवरच मोजावी.

प्रवाहही मोजावा

समजा, हिवाळ्यात वरून सेकंदास २०० लिटर पाणी येते व त्यात दर लिटरला ४० मिलिग्रॅम सल्फेट आहे. खाणीतून सेकंदास ५० लिटर पाणी येते व त्यात दर लिटरला ४४० मिलिग्रॅम आहे. दोहोंचे मिळून ३०,००० मिलिग्रॅम सल्फेट २५० लिटर पाण्यात विभागले जाते. म्हणजे लिटरला १२० मिलिग्रॅम. उन्हाळ्यात वरचा प्रवाह ५० लिटरांवर आला, तर खाणीचे पाणी तेच असूनही हे प्रमाण २४० होते. भारतीय मानक ब्यूरोने २०१२ साली पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली स्वीकार्य मर्यादा २०० आहे. हिवाळ्यातील एकाच नमुन्यावर विसंबणाऱ्या गावास उन्हाळ्यातील हा दोष कळणार नाही.

पावसाळ्यात प्रश्न निराळा असतो. इरई नदीच्या परिसरात आहेत तशा उघड्या खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून गाळ वाहून येतो. खाणीबाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यातील तरंगत्या कणांची मर्यादा २००० सालच्या नियमांनी लिटरला १०० मिलिग्रॅम ठरविली आहे.

जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ साली झाला व त्यानुसार दिल्लीत केंद्रीय मंडळ स्थापन झाले. तथापि मर्यादा कागदावर असून भागत नाही. तिन्ही ऋतूंत, त्याच ठिकाणी, प्रवाहासह केलेल्या नोंदीच ओढ्याचे खरे स्वरूप दाखवितात.